बर्निनी, बोरोमिनी आणि रोममधली पायपीट

आज रोममध्ये बर्निनी आणि बोरोमिनी या 17व्या शतकातील प्रतिस्पर्धी वास्तुकारांच्या वास्तू पायी फिरून पाहिल्या. क्विरिनाल टेकडीवर एकाच रस्त्यावर, अगदी जवळजवळ, दोघांची दोन चर्च आहेत. बर्निनीच्या सांतान्द्रेआमधील रंगीत संगमरवर आणि सोनेरी घुमट डोळे दिपवतात. मला मात्र बोरोमिनीचे सान कार्लो अधिक भावले. 1638 मध्ये बांधायला घेतलेल्या या चिमुकल्या चर्चमध्ये संगमरवराचा थाट नाही. पांढऱ्या गिलाव्याच्या भिंती लाटांसारख्या आत-बाहेर वळतात, आणि लंबगोल घुमटातील क्रूस, षटकोन व अष्टकोन वर जाताना लहान होत गेल्यामुळे तो आहे त्यापेक्षा उंच भासतो.

पियात्सा नव्होना या चौकात बर्निनीच्या कारंज्यावरील एक नदीपुरुष (नदीचे मानवरूपी शिल्प) समोरचे बोरोमिनीचे चर्च कोसळेल या भीतीने हात वर करतो, ही दंतकथा प्रवाशांना हमखास ऐकवली जाते. परंतु कारंजे 1651 मध्ये पूर्ण झाले आणि बोरोमिनीने त्या चर्चचे काम 1653 मध्ये हाती घेतले. त्याच कारंज्यावर आपली गंगामाई वल्हे धरलेल्या दाढीवाल्या पुरुषाच्या रूपात बसलेली पाहून मात्र हसू आवरले नाही.