डोरली आणि २५६ चा नादकाटा

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं, "शाळेबद्दल काहीही लिहा" म्हणून. मला आधी आठवली प्रयोगशाळेमागची डोरली, म्हणजे एक काटेरी रानझुडूप, आणि लगेच सर. त्यांचं नाव लिहायला नको. आमच्या बॅचला 'सर' म्हटलं की एकच.

आठवीत होतो. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी आम्हा तिघांना कोयता देऊन मागची झाडी काढायला धाडलं. डोरली चांगली छातीला लागेल एवढी झालेली. खोडावर आकड्यासारखे वाकडे काटे, पानाच्या शिरेवरही काटे. पहिला घाव घालायच्या आत माझ्या मनगटातून रक्त आलं. तेवढ्यात सर आले. "थांबा रे, फुलावर आलीय ती!" मला वाटलं, आता माझा हात बघतील. ते फूलच बघत राहिले.

ऑफिसातून वापरलेला कार्बन पेपर आणवला, एका फिकट जांभळ्या फुलाखाली धरायला लावला. बोटाने टिचकी मारली. विशेष काही पडलं नाही. मग २५६ चा नादकाटा (सेकंदाला २५६ वेळा थरथरणारा ट्यूनिंग फोर्क) चपलेच्या टाचेवर आपटून मधल्या पिवळ्या पुंकेसरांना टेकवला. काळ्या कागदावर पिवळट भुकटी भुरभुरली. सर म्हणाले, एकेका परागकोशाला टोकाशी दोनच भोकं, मीठदाणीसारखी. मधमाशीला ते जमत नाही. काळा भुंगा फुलाला घट्ट धरून गुंगुं करत अंग थरथरवतो, तेव्हा पराग सांडतात. "वांगं, टोमॅटो हिचीच भावंडं." रुमाल बांधला, पण हे सगळं झाल्यावर. डोरली राहिली. मुख्याध्यापकांची बोलणी सरांनीच खाल्ली.

आज नारायणगावजवळ माझं वीस गुंठ्यांचं टोमॅटोचं पॉलिहाउस आहे. आत ना वारा, ना भुंगा. रोज सकाळी सुतळीवर चढवलेल्या झाडांना मीच हादरे देत फिरतो. बघायला येणारे विचारतात, हे कुठे शिकलात? मी सांगतो, आठवीत. (माल दुबईला जातो. सांगणार नव्हतो, पण सर वाचतील.)

मे महिन्यात शाळेत डोकावलो. प्रयोगशाळेमागे पेव्हर ब्लॉक, कडेने कुंड्यांतली शोभेची झाडं. आयुर्वेदातल्या दशमुळात जिचं मूळ घालतात, ती डोरली कुणाला तरी नुसतं काटेरी रान वाटली असणार.

बांधावरच्या डोरलीची पिकली नारिंगी फळं आणून दोन रोपं केली आहेत. सोहळ्याला पिशवीतून घेऊन येतो. ब्लॉक नसलेली हातभर जागा तेवढी दाखवा.