गिटारची घोडी सुटली
मे महिन्यात अख्खी दुपार गिटार बंद गाडीत राहिली, तेही घोडबंदर रोडला, आणि घरी येऊन बघतो तर ब्रिजची, म्हणजे तारा अडकवतात त्या लाकडी पट्टीची, मागची कड उचललेली, खाली व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकत होतं. बाबा सतारवाले, ब्रिजला घोडीच म्हणतात, ते म्हणाले, "घोडी सुटली की रे!" स्टीलच्या सहा तारा मिळून साधारण ७० किलोची ओढ असते, त्यात उन्हाने डिंक मऊ पडला, मग काय होणार. मी शहाणा, फटीत इन्स्टंट ग्लू ओतला, चार दिवसांत फट्!

मग नीट केलं. तारा काढल्या, ब्रिज इस्त्रीने हलका तापवून पातळ पात्याने सोडवला, जुना डिंक खरवडला. हेच काम कंटाळवाणं आहे पण सगळं त्यातच आहे, कारण पॉलिशवर डिंक धरत नाही, कोरं लाकूड कोऱ्या लाकडाला लागलं पाहिजे. पिवळा वूड ग्लू लावला, साउंडहोलमधून, म्हणजे गिटारच्या गोल भोकातून, क्लॅम्प (दाबून धरणारा शिकंजा) घालून आत लाकडी ठोकळा, बाहेर ओघळलेला डिंक ओल्या फडक्याने पुसला. क्लॅम्प २४ तास ठेवला, आईने तीनदा विचारलं, "हे टेबलावरून कधी हलणार?" तारा दुसऱ्या दिवशी रात्री चढवल्या, हळूहळू, कान ब्रिजपाशी लावून.