हॉस्टेलसाठी सतरंजी घेताय? आधी बादली बघा

मी टेक्स्टाइलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे इचलकरंजीच्या आमच्या हॉस्टेलवर कापडाचं कुठलंही दुखणं शेवटी माझ्या दारात येतं. टॉवेल आटला, कुर्त्याचा रंग ओढणीला लागला, चादरीला गोळे आले, की विचारा हिला. यंदा फर्स्ट इयरच्या पोरी आल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न आहे, खोलीत खाली अंथरायला काय घेऊ? विचारताना मोबाइल पुढे करतात आणि त्यात ठरलेला फोटो असतो : लांब केसांचा पांढराशुभ्र गालिचा, मागे दिव्यांची माळ. मला तर ते झोपलेलं पर्शियन मांजरच वाटतं. आणि आमच्या खोलीत कुठलंही मांजर दिवाळीपर्यंत पांढरं राहणार नाही.

आमची खोली म्हणजे दोन लोखंडी कॉट, दोन टेबलं आणि मधे जेमतेम चार फुटांची मोकळी जागा. खाली शहाबादी फरशी. ती एप्रिलमध्ये स्वर्ग असते, डिसेंबरात पहाटे पाय टेकवत नाही आणि पावसाळ्यात तळमजल्यावर तिला ओल सुटते. कॉटवर पुस्तकं आणि न घड्या केलेले कपडे असतात, म्हणून आमचं सगळं आयुष्य त्या चार फुटांत चालतं. ड्रॉइंगची शीट तिथंच, डबाही तिथंच, इस्त्रीही तिथंच. म्हणजे खाली काहीतरी लागतंच, ती हौस नव्हे. पण ते दिसण्यावरून निवडायचं नाही, धुण्यावरून निवडायचं.

माझी कसोटी सोपी आहे. तुमची आंघोळीची बादली आठवा. जे अंथरूण त्या बादलीत भिजतं, एकटीला पिळता येतं आणि गच्चीवरच्या दोरीवर एका दिवसात वाळतं, तेच घ्या. तीन बाय पाच फुटांची साधी सुती सतरंजी कोरडी असताना किलो-सव्वा किलो भरते, भिजली की अडीच-तीन किलो. तेवढं जमतं. तो फोटोतला जाड गालिचा भिजवून बघाच. दोघी मिळून उचलला, तरी जिना चढेपर्यंत पायजमे ओले होतात. शिवाय गर्ल्स हॉस्टेलवर केस किती गळतात हे मी सांगायला नको. गालिच्याच्या लवीत ते असे विणले जातात की केरसुणीला दाद देत नाहीत, आणि व्हॅक्यूम क्लीनर आमच्याकडे फक्त अभ्यासक्रमात आहे. बऱ्याच स्वस्त गालिच्यांना खालून लॅटेक्सचा थर असतो, त्याची काही महिन्यांत भुकटी पडायला लागते. मग झाडत बसा.

आता थोडं वर्गातलं. हवेतला दमटपणा कुठला धागा किती धरून ठेवतो, याचे ठरलेले आकडे असतात. ६५ टक्के आर्द्रतेला सूत आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरतं, ताग पावणेचौदा, लोकर सोळाच्या आसपास, पॉलिस्टर ०.४ आणि पॉलिप्रॉपिलीन (बरेच स्वस्त गालिचे ज्याचे असतात ते प्लास्टिक) जवळजवळ शून्य. परीक्षेसाठी पाठ केलेला हा तक्ता मला खरा कळला तो हॉस्टेलवर. ताग दिसायला देखणा, पण दमट खोलीत त्याला वास येतो, पाणी सांडलं की पिवळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. पॉलिप्रॉपिलीनवर पाणी नुसतं पडून राहतं, झटकलं की झालं. मग तेच सगळ्यात चांगलं का? नाही, कारण इस्त्री. आपण सगळ्याजणी जमिनीवर घडी घालून इस्त्री करतो. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं आणि सुती कपड्यांसाठी इस्त्री २०० अंशांपर्यंत तापते. आमच्या मजल्यावरच्या एका खोलीत गालिच्यावर इस्त्रीचा टोकदार ठसा आहे, इस्त्रीच्या तळाला चिकटलेलं निळं प्लास्टिकही आहे. सूत वितळत नाही. फार तर पिवळं पडतं, करपतं, पण कपड्याला चिकटत नाही.

तर सुती सतरंजी. ती कुठून घ्यायची? गंमत अशी, की रात्रभर मागांची खडखड ऐकत झोपणाऱ्या या गावात सतरंजी शोधावी लागते. इथं निघतं ते बहुतेक ग्रे कापड (म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं), पॉपलिन, धोतर. दुकानात सतरंजी दिसली तर ती बहुधा पानिपतहून आलेली असते. म्हणून मी कोल्हापूरला महाद्वार रोडला गेले. गर्दी असते, पण चार दुकानं फिरता येतात आणि घासाघीस चालते.

दुकानात मी तीन गोष्टी करते आणि दुकानदार वैतागतात. चांगली सतरंजी अशी ठोकून विणलेली असते, की ताणा (मागावरचे उभे दोरे) दिसतच नाही, वर फक्त बाणा (आडवे दोरे) दिसतो. दोन्ही अंगठ्यांनी वीण फाकवून बघायची. ताण्याचे दोरे लगेच उघडे पडले, तर विणताना बाणा नीट ठोकलेला नाही, महिन्याभरात ती सैल होणार. मग हाताने जोरात चोळायची. पांढरी भुकटी निघाली तर ती खळ आहे, वजन दाखवायला चढवलेली, पहिल्या धुण्यात वाहून जाते आणि हातात फडकं उरतं. तिसरं म्हणजे ओला पांढरा रुमाल लाल पट्ट्यावर घासायचा.

"रंग जात न्हाई बगा ताई, आमची ग्यारंटी," दुकानदार म्हणाले. रुमाल गुलाबी झाला होता. मी तो दाखवला तर म्हणाले, "पयल्या धुन्यात जरा जातोय की." मी निळी-करडी घेतली.

घरी येऊन दशांमधला एक दोरा काडीने पेटवूनही बघितला (हे दुकानात करू नका). सूत कागदासारखं जळतं, राख मऊ पडते. टोकाला कडक मणी झाला तर त्यात सिंथेटिक आहे.

तीन बाय पाचच्या दोन घेतल्या, साडेचारशेला एक. एक मोठी सहाशे-सातशेत आली असती, पण दोन असल्या की एक दोरीवर आणि एक खाली, आणि पुढं खोली बदलली तर रूममेटशी वाटणीचं भांडण नाही.

माझी रूममेट वेंगुर्ल्याची. तिचं म्हणणं काथ्याची घ्यायची, "तुला कळत नाही गो, ती कुजत नाही." खरंय, काथ्या पाण्याला दाद देत नाही. पण त्यावर मांडी घालून तासभर बसून दाखव म्हटलं. शेवटी काथ्या दाराबाहेर गेला, चपलांची माती धरायला त्याच्यासारखं काही नाही. सोलापूरहून आईने वाकळ देऊ केली होती. जुन्या चादरींचे थर घालून आजीने शिवलेली, बसायला इतकी ऊबदार वस्तू दुसरी नाही, पण वाकळ वाळायला दोन दिवसांचं कडक ऊन लागतं. ती कॉटवर आहे. आमच्या गावाकडची घोंगडी खाली टाकायची सूचना मामाची. तिला चिंचोक्याची खळ असते, ती धूत नाहीत, ऊन दाखवून झटकतात. डाळ सांडणाऱ्या खोलीत तिचा अपमान होईल.

जून ते सप्टेंबर मात्र सतरंजी गुंडाळून कपाटावर टाकायची. ओल्या फरशीवर सूत पडून राहिलं की खालून काळे ठिपके धरतात, आणि ती बुरशी मग ब्लीचनेही पूर्ण जात नाही. त्या चार महिन्यांसाठी दोनशेची प्लास्टिकची चटई पुरते. तिच्यावर इस्त्री नाही, एवढं लिहून भिंतीला चिकटवा.

ज्यांच्या नव्या इमारतीत गुळगुळीत टाइल्स आहेत, त्यांच्याकडे सतरंजी सरकते. खाली रबरी जाळी घाला, दोन्हीकडून चिकटणारी टेप नको. तिचा डिंक फरशीवर राहतो आणि डिपॉझिट परत घेताना रेक्टर मॅडमना तो बरोबर दिसतो. दार आत उघडत असेल तर दाराखालची फटही बघा, नाहीतर प्रत्येक वेळी सतरंजी कोपऱ्यात गोळा होते.

पुढच्या रविवारी मी परत कोल्हापूरला चाललेय. कुणाला आणायची असेल तर फूटपट्टीने मोजून माप पाठवा, रंगही सांगा. "मोठी आण, छान बघून आण" असे मेसेज आले तर मी माझ्या आवडीची करडी आणेन आणि पैसे मागेन.