नेहमीचा कोपरा

अठरा वर्षं मी शालेय फुटबॉलला रेफ्री म्हणून उभा राहतोय. एरवी एका माध्यमिक शाळेत पीटीचा शिक्षक, आणि पावसाळ्यात स्पर्धांचा हंगाम लागला की सांगली, मिरज, कुपवाड, जिथं बोलावतील तिथं शिट्टी घेऊन हजर. मैदानावरची भांडणं पाहिली, पालकांच्या शिव्या ऐकल्या, एकदा एका बापानं आत घुसून स्वतःच्याच पोराच्या थोबाडीत मारलेली पाहिली. पण विजयी गोल मारून ओक्साबोक्शी रडलेला पोरगा आजवर एकच पाहिला.

सतरा वर्षांखालील मुलांची जिल्ह्याची सेमीफायनल. दोन्ही शाळा सांगलीतल्याच, एकीची घंटा वाऱ्याबरोबर दुसरीत ऐकू जावी इतक्या जवळ. नावं सांगत नाही. एकीला जुनी शाळा म्हणतो, दुसरीला नवी. हे जुनं-नवं त्या सरांच्या हिशेबानं.

सर जुन्या शाळेत नऊ वर्षं फुटबॉलचे कोच होते. मी त्यांना स्पर्धांमधून ओळखायचो. स्कूटरच्या पुढच्या जागेत बॉलची जाळी, मागं कुणीतरी पोरगा, आणि पोराच्या हातात भिजवलेल्या हरभऱ्याचा डबा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कोणता पोरगा कोणत्या छावणीत आहे याची यादी त्यांच्या खिशात होती. पाणी उतरल्यावर त्यांच्या मैदानावर गुडघाभर गाळ साचला होता. तो उपसायला पोरं खोरी घेऊन आली, तर यांनी आधी गोलसमोरचा गाळ तसाच ठेवायला सांगितला. त्या मऊ गाळात त्यांनी सहावी-सातवीतल्या एका पोराला गोलकीपरची डाइव्ह शिकवली. पडलं तरी लागत नाही म्हणून. तोच पोरगा या सेमीफायनलला जुन्या शाळेच्या गोलमध्ये उभा होता.

एप्रिलमध्ये सर नव्या शाळेत गेले. कारण साधं होतं. जुन्या शाळेत ते मानधनावर होते आणि ते मानधनही तीन-तीन महिने अडकायचं. घरात दोन मुली. नव्या शाळेनं पूर्ण पगार दिला. यात कुणी बोट ठेवावं असं मला काही दिसत नाही. फक्त त्यांनी पोरांना सांगितलं नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पोरांना ते व्हॅनवाल्या काकांकडून कळलं. सामन्यानंतर ते मला म्हणाले, "तोंड दाखवायचं धाडसच झालं नाही हो." त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना आजही माफ करत नाही, आणि हे त्यांना माहीत आहे.

सामन्याच्या दिवशी पावसाची रिपरिप होती. नाणेफेकीआधी मैदान तपासत फिरताना कुंपणाला टांगलेला पुठ्ठा दिसला. लाल मार्करनं लिहिलेलं, 'गद्दार सर'. पावसानं अक्षरं ओघळली होती. मी तो काढायला लावला. रेफ्री म्हणून ते माझं काम होतं. दहावीतलं एक पोर पुठ्ठा सोडवताना माझ्याकडं न बघता म्हणालं, "खोटं लिवलंय व्हय सर?" मी काही बोललो नाही.

बोलणार तरी कोणत्या तोंडानं? २०२१ च्या जूनमध्ये मी त्या पोरापेक्षा वेगळा नव्हतो.

मी इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा चाहता. २५ मे २००५ ला इस्तंबूलमध्ये एसी मिलानबरोबर चॅम्पियन्स लीगची फायनल झाली तेव्हा मिरजेत खोलीवर राहायचो. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली, लोडशेडिंगचे दिवस, लाइट जाईल या धास्तीनं सगळे टीव्हीला चिकटलेले. हाफटाइमला मिलान तीन-शून्य. दोघं 'संपलं' म्हणून झोपायला गेले. मग जेरार्ड, श्मित्सर, अलोन्सो, सहा मिनिटांत तीन गोल, आणि शेवटी टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टी किकांवर, कप. तेव्हाचा मॅनेजर राफा बेनिटेझ त्या रात्रीपासून मला घरचा माणूस वाटू लागला. २०१० मध्ये क्लब सोडला तेव्हा त्यानं हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत गेलेल्या लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या कुटुंबांना ९६ हजार पौंड दिले. मृतांचा आकडा तेव्हा ९६ होता. क्लब सुटला तरी असा माणूस सुटत नाही.

आणि ३० जून २०२१ ला तो एव्हर्टनचा, म्हणजे त्याच शहरातल्या आमच्या प्रतिस्पर्ध्यांचा, मॅनेजर झाला. आमचं अ‍ॅनफिल्ड आणि त्यांचं तेव्हाचं गुडिसन पार्क या दोन मैदानांमध्ये स्टॅन्ली पार्क ही एक बाग तेवढी आडवी. २००७ मध्ये याच माणसानं एव्हर्टनला छोटा क्लब म्हटलं होतं, त्यामुळं त्यांनाही तो नकोच होता. नेमणुकीआधी त्याच्या घराच्या परिसरात कुणीतरी फलक लावला, 'तू कुठं राहतोस ते आम्हाला माहीत आहे, सही करू नकोस.' तो फोटो मोबाइलवर पाहून मला वाईट वाटायला हवं होतं. त्या दिवशी वाटलं नाही. त्या शहरात कधी पाऊल न ठेवलेला मी, इथं सांगलीत दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. इस्तंबूलच्या फायनलचं पेपरातलं कात्रण सोळा वर्षं पाकिटात होतं, ते काढून कपाटात टाकलं. एव्हर्टन वर जाईल ही भीती मला नव्हतीच. ती रात्र तो सोबत घेऊन गेला आणि आता दुसऱ्यांना वाटणार, असं काहीतरी आत चाललं होतं. डिसेंबरमध्ये गुडिसनवर आम्ही त्याच्या एव्हर्टनला चार-एक हरवलं. प्रत्येक गोलनंतर कॅमेरा त्याच्यावर गेला की मी नजर वळवायचो. जानेवारीत एव्हर्टननं त्याला काढलं, तेव्हाही समाधान मिळालं नाही.

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठांमधल्या तालमींचे; तिथं एका पेठेचा खेळाडू दुसऱ्या तालमीकडून उतरला की काय होतं, ते आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पण खेळाडू गेला तर आपला एक गडी जातो. कोच गेला तर आपलं सगळं गुपित जातं. कोण कधी दमतो, कुणाला डावा पाय नाही, कोण शिवी दिली की बिथरतो, आणि कुणाच्या घरात काय चाललंय, हेही.

सामना सुरू झाला आणि हे मला मैदानावरच दिसलं. जुन्या शाळेचा लेफ्टबॅक दणकट, पण वळायला सावकाश. नव्या शाळेनं पहिल्या दहा मिनिटांत चार वेळा त्याच्याच पाठीमागं बॉल टाकला आणि चौथ्यांदा गोल झाला. त्यानंतर बॉल त्या बाजूला गेला की जुन्या शाळेची पोरं बॉलकडं बघायच्या आधी समोरच्या बेंचकडं बघायची. सर काळी छत्री धरून उभे. एक शब्द ओरडत नव्हते. जुन्या शाळेत असताना त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा.

हाफटाइमनंतर दहा नंबरच्या कॅप्टननं फ्री किकवर बरोबरी केली. मग जे झालं ते मला गोलांपेक्षा जास्त आठवतं. तोच लेफ्टबॅक पोटरीत गोळा येऊन चिखलात पडला. जुन्या शाळेबरोबर आता गणिताचे सर यायचे. भला माणूस, पण त्यांना काय करावं सुचेना. पाण्याची बाटली घेऊन नुसते उभे राहिले. तेवढ्यात समोरच्या बेंचवरून सर दोन पावलं मैदानात आले, रेषा ओलांडल्याचं लक्षात आल्यावर थबकले आणि माझ्याकडं बघू लागले. विरुद्ध संघाचा कोच असा आत येत नसतो. पण पोरगा कळवळत होता. मी हातानं 'या' म्हणालो.

ते गुडघ्यावर बसले. टाच धरायला हात पुढं केला. पोरानं पाय ओढून घेतला.

"नको सर."

एवढंच. ओरडून नाही, शिवी नाही. सर तसेच दोन क्षण बसून राहिले, मग गणिताच्या सरांना म्हणाले, "गुडघा सरळ धरा आणि पंजा त्याच्याकडं दाबा, हळू." आणि उठून गेले. पँटीला लागलेला चिखल त्यांनी सामना संपेपर्यंत झटकला नाही.

एक-एक. टायब्रेकर.

टायब्रेकरला बाकीची सगळी पोरं मधल्या वर्तुळात थांबतात, मी गोलजवळ, आणि ज्याचा संघ किक मारतोय तो गोलकीपर गोलरेषा आणि पेनल्टी बॉक्सची रेषा मिळते तिथं. म्हणजे जुन्या शाळेच्या प्रत्येक किकला गाळात डाइव्ह शिकलेला तो पोरगा माझ्यापासून काही पावलांवर होता. दुसऱ्या किकपासून माझ्या लक्षात आलं, की नव्या शाळेचा कीपर आधी बेंचकडं बघतोय आणि सर छत्री कधी उजव्या हातात घेतायत, कधी डाव्या. ज्या हातात छत्री, त्या अंगाला डाइव्ह. दुसरी किक त्यानं अशीच अडवली.

नियमात यात काही गैर नाही. २००६ च्या वर्ल्डकपमध्ये जर्मनीचा गोलकीपर लेमान यानं अर्जेंटिनाविरुद्धच्या टायब्रेकरला कोण कुठं मारतो याची चिठ्ठी मोज्यात ठेवली होती. ती चिठ्ठी जर्मनीत संग्रहालयात जपून ठेवली आहे. पण त्या चिठ्ठीतली नावं परक्यांची होती. इथं छत्री ज्या पोरांबद्दल सांगत होती, त्यांना पेनल्टी मारायला छत्रीवाल्यानंच शिकवलं होतं.

माझ्या शेजारचा कीपर पुटपुटला, "सांगायल्यात." मी त्याच्याकडं बघितलं नाही.

नव्या शाळेची पाचवी किक बारवरून गेली. तीन-तीन. आता दहा नंबरची किक आत गेली तर सामना संपणार. हा पोरगा पेनल्टी नेहमी कीपरच्या उजव्या अंगाला मारायचा. दोन वर्षं माझ्यासमोर मारल्या होत्या, त्यामुळं मलाही माहीत होतं. त्यानं बॉल ठेवला, मागं आला, आणि किक मारायच्या आधी वळून सरळ बेंचकडं पाहिलं. लपवाछपवी नाही. सरांनीही नजर चोरली नाही. छत्री उजव्या हातात होती.

मला आजही वाटतं, की त्या क्षणी ती छत्री डाव्या हातात असावी, निदान मिटलेली असावी, असं त्या पोराला फार वाटत असणार.

मी शिट्टी दिली. तो धावला आणि कीपरच्या डाव्या अंगाला मारली. कीपर पूर्ण ताणून स्वतःच्या उजवीकडं पडला होता, नेहमीच्या कोपऱ्यात. जाळी हलली. मधल्या वर्तुळातून पोरं ओरडत धावत आली. कुंपणापाशी कुणीतरी आरोळी ठोकली, "वस्तादाचा डाव वस्तादावरच!" आणि दहा नंबर जागच्या जागी खाली बसला. तोंड जर्सीत घालून इतका रडला, की त्याला उचलायला आलेली पोरं गोंधळून थांबली. त्यांना वाटलं पायाला लागलं. त्याचा कीपर तेवढा आला आणि काही न बोलता त्याच्या शेजारी चिखलात बसला.

पत्र्याच्या शेडमध्ये मी स्कोअरशीट भरत होतो. सर सही करायला आले आणि सवयीनं जुन्या शाळेच्या रकान्यात सही करून बसले. मीच बोट दाखवलं. त्यांनी ती खोडली, खाली केली. तेवढ्यात दहा नंबर आला. डोळे सुजलेले.

"तुमी सांगितलं न्हवं त्याला?"

"हो. सांगितलं."

"का सर?"

सरांनी पेनचं टोपण लावलं. "तो कीपर नववीत आहे. रोज सहाला येतो. तुझी किक कुठं येणार हे मला माहीत असताना त्याला काय सांगू? की तुझ्यापेक्षा तो माझा जास्त आहे, म्हणून सांगत नाही?"

पोरगा बराच वेळ उभा राहिला. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"जाताना तरी सांगायचं होतं," तो म्हणाला.

"हो," सर म्हणाले. "ते चुकलं माझं."

पोरगा वळला, दारापर्यंत गेला आणि तिथूनच विचारलं, "फायनलला येणार?"

"येतो."

"कुठल्या बाजूला बसणार?"

सरांनी उत्तर दिलं नाही. त्यानंही थांबून ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी फायनल. तिलाही मीच होतो. मिरजेचा संघ तगडा होता, जुनी शाळा दोन-शून्य हरली. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. सुरुवातीला मी दोन्ही बाजूंच्या गर्दीत सरांना शोधलं, दिसले नाहीत. मग खेळ सुरू झाल्यावर दिसले. जुन्या शाळेच्या गोलमागं, कुंपणाबाहेर, एकटेच. कीपरला पाठीमागून काही सांगतायत असंही नाही, नुसते उभे. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या. घड्याळ लावून मी शिट्टी तोंडात धरली, तर सर छत्री घेऊन, चिखलातून मैदानाला वळसा घालत, दुसऱ्या गोलमागं चालले होते. कीपर पोचला होता, ग्लोव्ह्ज घट्ट करत होता. मी शिट्टी थोडी थांबवली. सर जागेवर पोचेपर्यंत.