पुण्याहून पालीला ईव्हीने: खरा प्रश्न अर्थिंगचा

मे महिन्यात आंबे आणायला काकांच्या गावी, रत्नागिरीजवळच्या पालीला जाऊन आलो. गाडी नेक्सॉन ईव्ही, बॅटरी ४०.५ युनिटची. एसी लावून हायवेला ८०-९०च्या वेगाने ती मला २५० किलोमीटर देते. कंपनीचा आकडा यापेक्षा बराच मोठा आहे. तो धरून बेत आखू नका.

रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावून ठेवली, पहाटे पाचला १०० टक्के. आमच्या सब-मीटरचा दर साडेनऊ रुपये. चार्ज होताना थोडी वीज वाया जाते ती धरून ४५ युनिट, म्हणजे सव्वाचारशे रुपयांत टाकी फुल.

कराडला पोचलो तेव्हा ३६ टक्के उरले होते. पहिल्या स्टेशनचा चार्जर अ‍ॅपमध्ये हिरवा, प्रत्यक्षात स्क्रीन बंद. दुसरा एका हॉटेलच्या आवारात, त्याच्यापुढे पेट्रोलची गाडी आडवी लावलेली आणि मालक आत मिसळ खातोय. ती हलवून घेईपर्यंत वीस मिनिटं गेली. मग ३० किलोवॅटच्या चार्जिंग गनने पाऊण तासात ८५ टक्के. साधारण २० युनिट, २१ रुपये दर, वर १८ टक्के जीएसटी: ४९५ रुपये. म्हणजे घरच्या फुल चार्जपेक्षा बाहेरची अर्धी बॅटरी महाग. तरी माझी तक्रार पैशांबद्दल नाही, भरवशाबद्दल आहे. म्हणूनच बॅटरी १० टक्क्यांवर येईपर्यंत ताणू नका. ३०-३५ असतानाच थांबलात तर बंद चार्जर पाहून घाम फुटत नाही. निघण्याआधी हॉटेलला फोन करून ‘चार्जर चालू आहे का’ एवढं विचारा, आणि दोन-तीन अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये पैसे आधीच भरून ठेवा. घाटात ओटीपी येत नाही. ८० टक्क्यांनंतर वेग पडतो. पुढचा पल्ला भागत असेल तर गन काढा, मागचा माणूस दुवा देईल.

कोकरूड, मलकापूर करत आंबा घाटात आलो. साखरप्याकडे उतरताना रिजनमुळे, म्हणजे वेग कमी होताना मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते त्यामुळे, बॅटरी चक्क दोन टक्के वाढली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

खरी गंमत घरी पोचल्यावर. पडवीत पंपासाठी १५ अँपिअरचा सॉकेट होता. गाडीसोबत आलेला चार्जर लावला, तर लाल दिवा. पुन्हा लावला, पुन्हा लाल. मला वाटलं, चार्जर गेला. काका शांतपणे म्हणाले, “अरे, वैशाखात जांभा ठणठणीत कोरडा, अर्थिंग काय करील बिचारं?” त्यांनी घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतलं. दहा मिनिटांनी दिवा हिरवा! अर्थिंग नीट मिळाल्याशिवाय हा चार्जर चालूच होत नाही.

अर्थात ही मलमपट्टी झाली. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून खड्डा खोल करून घेतला, नवी पट्टी, मीठ आणि कोळसा घातला. कोकणात होमस्टे बुक करताना ‘चार्जिंग आहे का’ एवढंच विचारू नका. सगळे हो म्हणतात. १५ अँपिअरचा सॉकेट आहे का, अर्थिंग कधी तपासलं, गाडी तिथपर्यंत जाते का, हे विचारा. एक्स्टेन्शन बोर्ड किंवा गुंडाळलेली केबल वापरू नका, तापून वितळते. साध्या सॉकेटवर ताशी अडीच-तीन युनिटच जातात आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलं की त्याहून कमी, तेव्हा पोचल्या पोचल्या लावून टाका. मला फुल व्हायला रात्र आणि वर अर्धी सकाळ लागली.

येताना डिकीत आंब्यांच्या पेट्या होत्या, शिवाय आंबा घाट चढायचा होता. म्हणून ८० वर न थांबता १०० टक्के करूनच निघालो.

काकांनी विजेचे पैसे घेतले नाहीत, पण होमस्टेवाल्याला ते आपणहून द्या. लावताना आणि काढताना मीटरचं रीडिंग टिपा. बिल अचानक फुगलं की तो पुढच्या ईव्हीवाल्याला सॉकेट बिघडलाय म्हणून सांगतो.