रास्पबेरी पाय घ्यावा की जुना डबा

गुरुवार, रात्री

घरातल्या ऑटोमेशनसाठी कोणता छोटा कॉम्प्युटर घ्यायचा, ते आज बरंचसं ठरलं. काम तसं मोठं नाही. वरची टाकी भरली की मोटर बंद व्हायला हवी, आई रात्री उठली की पॅसेजमधला दिवा लागायला हवा, झालं. होम असिस्टंट हे घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर चोवीस तास मुकाट चालवेल असं यंत्र हवं, तेही स्वस्तात.

रास्पबेरी पाय हा एकाच बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर 2012 मध्ये 35 डॉलरला आला, तेव्हापासून स्वस्त म्हणजे पाय हे डोक्यात पक्कं बसलंय. पण त्याचं नवं मॉडेल, पाय 5, घ्यायचं तर 5 अँपिअरचा वेगळा चार्जर, केस, पंखा. होम असिस्टंट सेन्सरच्या नोंदी सारखं लिहीत बसतं, त्यात साधं मेमरी कार्ड लवकर झिजतं. म्हणजे जास्त टिकणारी एसएसडी डिस्कही आलीच. एवढ्या पैशात ऑफिसातून निघालेला मिनी पीसी बघायला काय हरकत आहे?

संध्याकाळी वायर घ्यायला तापकीर गल्लीत गेलो होतो, येताना जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात डोकावलो. लेनोवोचा मिनी पीसी, थिंकसेंटर टायनी, जाडजूड पुस्तकाएवढा. मागचा एकच स्क्रू काढला की झाकण सरकतं. आत पंख्याच्या पात्यांवर धुळीचा करडा थर, आणि कडेला नाण्याएवढा सेल. मला तो सेलच आवडला. पायच्या आधीच्या मॉडेलमध्ये, पाय 4 मध्ये, वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारं असं काही नाही. वीज आली की वेळ इंटरनेटवरून घ्यायची, आणि आमचा राउटर उठायला वेळ लावतो. गुरुवारी वीज जाणाऱ्या गावात हा मुद्दा प्रोसेसरच्या वेगापेक्षा मोठा आहे.

“सीसीटीव्हीला लावताय का सर?” दुकानदाराने विचारलं.

“नाही, पाण्याच्या मोटरला.”

त्याने माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

विजेचा हिशोबही केला. मिनी पीसी निवांत असताना साधारण 10 वॅट खातो, म्हणजे महिन्याला 7 युनिट. पाय 4 चे 2 च्या आसपास. फरक 5 युनिटचा. आमचा 2 किलोवॅटचा गीझर तेवढी वीज अडीच तासांत संपवतो.

आईचा प्रश्न मात्र बिनतोड होता. “तुझा कॉम्प्युटर बंद पडला तर मोटर कोण बंद करणार?” म्हणून तो निर्णय कॉम्प्युटरकडे द्यायचाच नाही. काहीशे रुपयांचा ईएसपी32 हा छोटा कंट्रोलर बोर्ड टाकीच्या फ्लोटवरून (पाण्याबरोबर वर येणारा स्विच) स्वतःच मोटर थांबवेल, मधे मोटरचा जड प्रवाह तोडणारा कॉन्टॅक्टर, आणि भिंतीवरचं जुनं बटण आहे तिथेच राहील. मिनी पीसीने नोंदी ठेवायच्या आणि दिव्यांचं बघायचं.

शनिवारी डबा आणायचा. त्याआधी दुकानदाराला फोन करून बायोसचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जचा, पासवर्ड काढून ठेवायला सांगायचं. ऑफिसच्या पीसींवर तो बरेचदा असतो, आणि वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायचं सेटिंग तिथेच आत आहे.