कबड्डीचा सरपंच होताना

आमच्या दापोली तालुक्यात भातकापणी उरकली की गावोगाव कबड्डीचे सामने लागतात. मंडळाची पोरं लाल मातीवर पाणी मारून रूळ फिरवतात, फक्कीने रेषा आखतात, आणि रात्री प्रकाशझोतात सामने रंगतात. अशाच एका अंतिम सामन्यात, पंच परीक्षा दिलेली नसताना, मी पंच म्हणून उभा होतो. शेवटची चढाई. चढाईपटूचा पाय राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, पडलेला दिसला, मी शिट्टी मारली आणि त्याला बाद दिलं. तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. "दादा, आधी घोटा धरलेला त्यांनी," एवढंच बोलला. त्याचा संघ एका गुणाने हरला.

तो खरं बोलत होता, हे मागाहून चारजणांनी सांगितलं. बचावपटूचा हात लागला की झटापट सुरू होते, आणि मग कडेचा तो 1 मीटरचा पट्टाही खेळात धरला जातो. नियम मला पाठ होता. पण मी उभा होतो तिथून मुलाची पाठ दिसत होती, घोट्यावरचा हात दिसलाच नाही. कितीतरी रात्री तो पोरगा डोळ्यांसमोर यायचा. शेवटी पंच परीक्षेचा अर्ज भरला.

पहाटेची एसटी धरून खेड, चिपळूण, हातखंबा करत रत्नागिरी गाठली. लेखी पेपर सोपा गेला. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर, मध्यरेषेपासून निदानरेषा (चढाईपटूला ओलांडावीच लागते ती) 3.75 मीटरवर, तिच्यापुढे 1 मीटरवर जादा गुणाची बोनस रेषा, चढाईला 30 सेकंद, समोरचा अख्खा संघ बाद केला की लोणाचे 2 गुण. हे सगळं लहानपणापासून अंगात भिनलेलं. तोंडीला मात्र घाम फुटला. "बोनस घेऊन चढाईपटू पकडला गेला, तर गुण कोणाला?" मी म्हटलं, पकडणाऱ्यांना. उत्तर अर्धंच होतं. पकडीचा 1 गुण त्यांना, पण बोनसचा 1 गुण चढाईपटूच्या संघालाही मिळतो. आणि बोनसच्या गुणावर बाद झालेला खेळाडू आत येत नाही. गावात आम्ही वर्षानुवर्षं हे चुकीचं खेळवत होतो.

प्रात्यक्षिकात मी नापास झालो. मला सरपंचाची जागा दिली होती, आणि मी प्रत्येक चढाईला शिट्टी मारत, हात वर करत निर्णय देत सुटलो. परीक्षक शांतपणे म्हणाले, "तुम्ही पंचांना कामच करू दिलं नाहीत." सरपंच म्हणजे सगळ्यात मोठा पंच, त्याचाच शब्द आधी, अशी माझी समजूत. पण चढाईचा निर्णय मैदानावरच्या दोन पंचांचा असतो. त्या दोघांत मतभेद झाला, किंवा खेळाच्या हितासाठी गरजच पडली, तर सरपंच बोलतो. एरवी नाणेफेक, वेळ, शिस्त, आणि सगळ्यांवर नजर. मला हे पद त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

गावात एक निवृत्त शिक्षक आहेत, ऐन उमेदीत नावाजलेले पंच. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. 15 जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिनी, कबड्डी दिन असतो. त्याच दिवशी काकांनी मला शाळेच्या पडवीत बोलावलं. बाहेर धो धो पाऊस. काकांनी फरशीवर खडूने अर्धं मैदान आखलं आणि दोन पोरांना सावकाश चढाई करायला लावलं. "डोळे पायांवर, कान तोंडावर," ते म्हणायचे. दम, म्हणजे चढाईपटूचा 'कबड्डी कबड्डी' घोष, चढाईभर स्पष्ट ऐकू यायला हवा. आमच्या मैदानामागे समुद्र गाजतो आणि वर भोंग्यावर समालोचन चालू असतं, तेव्हा दम ऐकायचा कसा? चढाईच्या वेळी भोंगा बंद, हे आयोजकांना सामन्याआधीच ठणकावून सांगायचं, हे काकांकडून शिकलो. आणि चढाईपटू सरकेल तसं आपणही बाजूबाजूने सरकायचं. एका जागी खिळून राहिलेल्या पंचाला घोट्यावरचा हात कसा दिसणार? तो सगळा पावसाळा मी त्या पडवीत घालवला.

दुसऱ्या वेळी पुन्हा सरपंच म्हणूनच उभा राहिलो. वीसेक मिनिटं मला बोलायची वेळच आली नाही, आणि ते मला बरं वाटलं. मग एका चढाईत चौघांनी एकाला दाबलं, त्याने हात लांबवला. एक पंच म्हणाला पकड, दुसरा म्हणाला गुण. दोघांना जवळ बोलावलं, तुम्हाला काय दिसलं ते आधी एकाला, मग दुसऱ्याला विचारलं. एकाला खेळाडूंच्या गर्दीत फक्त धड दिसलेलं, दुसऱ्याला बोटं. माझ्या जागेवरून मलाही बोटं मध्यरेषेपलीकडे टेकलेली दिसली होती. चढाईपटूला गुण दिले. त्या परीक्षेत पास झालो.

यंदा शेजारच्या गावात सरपंच म्हणून गेलो, तर समोर तोच पोरगा. आता संघाचा कर्णधार. नाणेफेकीआधी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "त्या सामन्यात माझं चुकलं होतं रे. तू बाद नव्हतास."

त्याने मान हलवली. "माहीत होतं दादा मला," म्हणाला, आणि नाण्याकडे बघून, "छापा."